नातवंडाचं नाव आजी-आजोबांच्या मेडिक्लेममध्ये घालायचं असेल तर

घोडबंदर रोडच्या सोसायट्यांपासून थेट नेरूळ-सीवूड्सपर्यंत घराघरांत हेच दिसतं. आई-बाबा सकाळी कामाला बाहेर पडतात आणि मूल संध्याकाळपर्यंत आजी-आजोबांकडे असतं. शाळेची बस, डबा, ताप-खोकला, लसींच्या तारखा हे सगळं तेच सांभाळतात. गावाकडचं घर बंद करून खास नातवंडासाठी इकडे राहायला आलेलेही पुष्कळ आहेत. मग मेडिक्लेमचा विषय निघाला की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "आमची पॉलिसी आहेच, तिच्यातच बाळाचं नाव घातलं तर?"

बहुतेक पॉलिसींमध्ये ते जमत नाही. काहींमध्ये जमतं, पण तिथेही ते करावं का, याचा वेगळा विचार करावा लागतो. माझं मत आधीच सांगून ठेवतो: मुलाला आई-वडिलांच्या पॉलिसीत बसवावं आणि आजी-आजोबांना हातभार लावायचाच असेल तर तो पैशाने लावावा. पण प्रत्येक मुलाच्या वाट्याला आई-वडील असतातच असं नाही. कुणाची लेक मुलांना घेऊन माहेरी परतलेली असते, तर कुणाच्या घरी फक्त आजी आणि नातू उरलेले असतात. म्हणून सगळे मार्ग क्रमाने पाहू.

पहिली पायरी: पॉलिसीत 'कुटुंब' म्हणजे कोण, ते वाचा

कपाटातून पॉलिसीचं मूळ दस्तऐवज काढा. एजंटने दिलेलं रंगीत पत्रक उपयोगाचं नाही. अटींचं पुस्तक हवं, किंवा ई-मेलवर आलेली पीडीएफ. सुरुवातीच्या पानांवर व्याख्या असतात. त्यांत 'कुटुंब' हा शब्द शोधा. फॅमिली फ्लोटरमध्ये, म्हणजे घरातल्या सगळ्यांना मिळून एकच विम्याची रक्कम असलेल्या पॉलिसीत, बहुतेक ठिकाणी यादी अशी दिसेल: स्वतः, जोडीदार, अवलंबून असलेली मुलं, आणि काही योजनांत आई-वडील व सासू-सासरे. सगळ्या जनरल आणि आरोग्य विमा कंपन्यांना विकावीच लागणारी 'आरोग्य संजीवनी' ही प्रमाणित पॉलिसी याचं चांगलं उदाहरण आहे. तिच्यात ३ महिने ते २५ वर्षं वयाची अवलंबून असलेली मुलं येतात, आई-वडील आणि सासू-सासरे येतात, पण नातवंडं येत नाहीत.

आजोबांच्या पॉलिसीत 'मुलं' म्हणजे आजोबांची मुलं. नातू त्याच घरात राहतो, आजोबाच त्याची फी भरतात, एवढ्यावरून तो त्या शब्दात बसत नाही. "अवलंबून असलेला मुलगा म्हणून लिहून टाकू, कोण बघतंय" असा सल्ला कुणी दिला तर तो बिलकूल ऐकू नका. नातं खोटं लिहिलं की क्लेमच्या वेळी जन्मदाखल्यावर ते उघडं पडतं, आणि तेव्हा एकटा क्लेम नाकारला जात नाही, पूर्ण पॉलिसी धोक्यात येते. त्या पॉलिसीवर आजी-आजोबांचे स्वतःचे उपचारही अवलंबून असतात.

आता 'हो' कुठे आहे ते. काही कंपन्यांच्या योजनांत एकाच पॉलिसीखाली अनेक माणसं घेता येतात, मात्र प्रत्येकाची विम्याची रक्कम वेगळी असते. एजंट याला 'इंडिव्हिज्युअल बेसिस' किंवा 'मल्टी-इंडिव्हिज्युअल' म्हणतात. या प्रकारात नात्यांची यादी बरीच लांब असते आणि काही योजनांत नातू-नात त्यात स्पष्ट लिहिलेले असतात. कंपनीला विचारताना प्रश्न नेमका ठेवा: "नातवंड इंडिव्हिज्युअल बेसिसवर घेता का, किमान वय किती, आणि मुलाचे आई किंवा वडील त्याच पॉलिसीत असणं सक्तीचं आहे का?" शेवटचा भाग विसरू नका, कारण लहान मुलांच्या बाबतीत अनेक कंपन्या ती अट घालतात. उत्तर ई-मेलवर घ्या. फोनवर मिळालेल्या 'हो सर, होईल'चा पुढे काही उपयोग होत नाही.

दुसरी पायरी: आजोबांबरोबर एका फ्लोटरमध्ये नको

समजा एखादी कंपनी आजी-आजोबा आणि नातू एकाच फ्लोटरमध्ये घ्यायला तयार झाली. तरी मी नको म्हणेन. फ्लोटरचा प्रीमियम साधारणपणे घरातल्या सर्वांत वयस्क माणसाच्या वयावरून ठरतो. सहा वर्षांच्या मुलासाठी अडुसष्ट वर्षांच्या हिशेबाने पैसे मोजण्यात काय अर्थ आहे? शिवाय रक्कम सामायिक असते. १० लाखांचं कव्हर आहे, जूनमध्ये आजोबांची हृदयाची शस्त्रक्रिया झाली आणि त्यात बहुतेक रक्कम गेली. ऑगस्टमध्ये नातवाला डेंग्यू झाला तर त्याच्यासाठी काय उरलं? काही पॉलिसींत संपलेली रक्कम परत भरून मिळण्याची सोय असते, पण तिच्याही अटी असतात.

ज्येष्ठांच्या खास पॉलिसींमध्ये आणखी एक गोष्ट असते, ती म्हणजे को-पे. बिलातला ठरलेला हिस्सा, कुठे दहा तर कुठे वीस टक्के, आपल्या खिशातून जातो. वयामुळे आजोबांना ती अट स्वीकारावी लागते. मुलाच्या माथी ती मारण्याचं काही कारण नाही.

आणि जो मुद्दा बोलायला घरात कुणी धजत नाही तो असा: पॉलिसीचे प्रस्तावक (प्रपोजर), म्हणजे अर्ज करून ती स्वतःच्या नावाने घेणारे, आजोबा असतील आणि ते गेले, तर पॉलिसी पुढे चालवायला सज्ञान माणूस लागतो. अल्पवयीन नातू ती स्वतः चालवू शकत नाही. म्हणून नातवंडाचं नाव आजी-आजोबांच्या पॉलिसीत घालणारच असाल, तर तिसरा एक सज्ञान माणूस त्यात असू द्या, मग ती लेक असो, मुलगा असो किंवा सून. नॉमिनीचं नावही तपासून घ्या.

तिसरी पायरी: आई-वडील नोकरीत असतील तर तिकडून सुरुवात

कंपनीच्या ग्रुप पॉलिसीत साधारणपणे कर्मचारी, जोडीदार आणि दोन मुलं असतात. काही ठिकाणी आई-वडीलही असतात. ग्रुप पॉलिसीत नवजात बाळ बहुधा पहिल्या दिवसापासून धरतात, पण एचआरला ठरलेल्या मुदतीत कळवावं लागतं. सुनेच्या आणि मुलाच्या दोघांच्याही ऑफिसात विचारा. ज्या ग्रुप पॉलिसीत वेटिंग पिरियड, म्हणजे क्लेम मिळण्याआधी थांबायचा काळ, नसतो, ती मुलासाठी फार मोलाची.

पण नोकरी सुटली की ते कव्हरही जातं. म्हणून आई-बाबा आणि मूल यांची स्वतःची एक फ्लोटर पॉलिसी वेगळी असावीच. तरुण जोडप्याचा आणि लहान मुलाचा प्रीमियम तुलनेने हलका बसतो. शिवाय २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आणि फॅमिली फ्लोटर आरोग्य विम्याच्या प्रीमियमवरचा १८ टक्के जीएसटी शून्य झाला आहे. जुन्या कोटेशनवर जाऊ नका, नवीन मागवा.

स्वतः घेतलेल्या पॉलिसीत बाळ सहसा ९१ व्या दिवसापासून येतं. पॉलिसीत मॅटर्निटी आणि न्यूबॉर्न कव्हर असेल तर आधीपासून. जन्मानंतर वर्ष चालू असतानाच नाव वाढवता येतं का, की नूतनीकरणापर्यंत थांबावं लागतं, हे कंपनीला विचारा. नूतनीकरणाची तारीख गाठायची असेल तर दीड-दोन महिने आधी कागद तयार ठेवा.

आजोबांना खर्च उचलायचा असेल तर सरळ मार्ग असा: पैसे आपल्या मुलाच्या, म्हणजे बाळाच्या बाबांच्या, खात्यात द्यावेत आणि प्रीमियम त्याच खात्यातून जावा. बापाने मुलाला दिलेल्या पैशावर मुलाला प्राप्तिकर लागत नाही. आणि ज्याला सगळे '८० डी' म्हणतात ती वजावट स्वतःसाठी, जोडीदारासाठी, अवलंबून असलेल्या मुलांसाठी आणि आई-वडिलांसाठीच्या प्रीमियमवर मिळते. त्या यादीत नातवंडं नाहीत. म्हणजे आजोबांनी नातवाचा प्रीमियम परस्पर भरला तर त्यांना वजावट नाही आणि मुलालाही नाही. मुलाने भरला तर जुन्या करप्रणालीत २५,००० रुपयांपर्यंतच्या मर्यादेत ती त्याला घेता येते. नव्या करप्रणालीत हा प्रश्नच येत नाही, तिथे ही वजावट नाही.

चौथी पायरी: सरकारी योजना, आणि त्यातला सर्वांत मोठा गैरसमज

सत्तरी ओलांडलेल्या अनेकांनी आयुष्मान वय वंदना कार्ड काढलं आहे. ही सोय ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झाली. ७० वर्षं किंवा त्याहून जास्त वय असलेल्या कुणालाही, उत्पन्न कितीही असो, वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार त्यातून मिळतात. "माझं कार्ड आहे, मग नातवाला चालेल ना?" असं आजोबा विचारतात. चालत नाही. ते कव्हर फक्त सत्तरीपुढच्यांसाठी आहे, घरातल्या लहानांना त्यातून काही घेता येत नाही.

नातवंडाला जे चालतं ते वेगळं आहे, आणि त्याची माहिती पांढरपेशा घरांत फारच कमी आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान भारत या महाराष्ट्रात एकत्र चालतात. कव्हर कुटुंबाला वर्षाला ५ लाखांचं. पूर्वी पिवळ्या-केशरी रेशनकार्डापुरता असलेला हा लाभ आता पांढऱ्या कार्डालाही आहे. इथे 'कुटुंब' म्हणजे रेशनकार्डावरची नावं. नातवाचं नाव आजोबांच्या रेशनकार्डावर असेल, तर या योजनेपुरता तो आजोबांच्या कुटुंबातच असतो. आजी-आजोबांच्या नावावर नातवंडाला संरक्षण मिळण्याचा एवढा सोपा मार्ग दुसरा नाही, आणि त्याला प्रीमियमही नाही.

म्हणून मुलाचं नाव रेशनकार्डावर चढवणं हे पहिलं काम समजा. ठाण्यात त्यासाठी शिधावाटप कार्यालय, खारघर-पनवेल बाजूला असाल तर तहसील कार्यालयातला पुरवठा विभाग. जन्मदाखला आणि मुलाचं आधार लागतं. नाव आधी दुसऱ्या कार्डावर असेल तर तिथून कमी केल्याचा दाखलाही लागतो. पाच वर्षांखालच्या मुलाचं बाल आधार निघतं, त्याला बोटांचे ठसे लागत नाहीत. कार्ड सातारा, जळगाव किंवा रत्नागिरीचं असलं तरी हरकत नाही. महाराष्ट्रातलं रेशनकार्ड राज्यभर या योजनेला चालतं, केवळ उपचारासाठी ते ठाण्याला बदलून आणायची गरज नाही. कार्डाचा बारा अंकी ऑनलाइन क्रमांक मात्र तपासून लिहून ठेवा. जुन्या कार्डांच्या बाबतीत पुष्कळदा तिथेच गाडं अडतं.

मर्यादाही माहीत असाव्यात. ही योजना ठरलेल्या उपचारांच्या यादीवर आणि योजनेतल्या रुग्णालयांतच चालते. साध्या तापासाठी कोपऱ्यावरच्या नर्सिंग होममध्ये दाखल केलंत तर उपयोग नाही. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसलेला असतो. दाखल करताना आधी त्याला गाठा, बिल झाल्यावर नको. हेल्पलाइन १५५३८८ हा क्रमांक फोनमध्ये घालून ठेवा.

सरकारी नोकरीतून निवृत्त झालेल्यांसाठी दोन शब्द. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांसाठी आणि निवृत्तांसाठी असलेल्या सीजीएचएस या आरोग्य योजनेत मुलाची मुलं येत नाहीत. पण लेक विधवा, घटस्फोटित किंवा नवऱ्यापासून विभक्त असेल, वडिलांवर अवलंबून असेल आणि त्यांच्याकडे राहत असेल, तर ती स्वतः आणि तिची अल्पवयीन मुलंही, म्हणजे वयाच्या १८ वर्षांपर्यंत, कार्डावर येऊ शकतात. अवलंबून असण्यासाठी उत्पन्नाची मर्यादा महिना ९,००० रुपये आणि त्यावरचा महागाई भत्ता अशी आहे. माहेरी परतलेल्या कितीतरी लेकींच्या घरी ही तरतूद कुणाला ठाऊक नसते, आणि तेवढ्या काळात मुलांची आजारपणं कर्ज काढून निभावली जातात, हे बघून जीव तुटतो. तुमच्या ओळखीत असं घर असेल तर त्यांना आजच सांगा. अणुऊर्जा विभाग, बंदर, रेल्वे यांच्या स्वतःच्या वैद्यकीय योजना आहेत आणि प्रत्येकीची कुटुंबाची व्याख्या निराळी आहे. तिथल्या कल्याण विभागाकडे लेखी विचारावं. ईएसआयसीच्या, म्हणजे कामगार राज्य विमा योजनेच्या, कुटुंबात नातवंडं नाहीत. मुलाच्या आईला किंवा वडिलांना स्वतःच्या नोकरीत ईएसआयसी लागू असेल, तर मूल त्यांच्या नावावर येतं.

पाचवी पायरी: आई-वडील नसतील, किंवा असूनही नसल्यासारखे असतील

मुलाचे आई-वडील हयात नसतील तर विमा कंपनी, बँक, शाळा, सगळीकडे एकच प्रश्न येतो: पालक कोण? कायद्याने आजी-आजोबा आपोआप पालक होत नाहीत. १८९० च्या गार्डियन्स अँड वॉर्ड्स कायद्याखाली न्यायालयात अर्ज करून पालकत्वाचा आदेश घ्यावा लागतो. ऐरोलीपासून बेलापूरपर्यंतचा नवी मुंबईचा भाग ठाणे जिल्ह्यात येतो, खारघर-कामोठे-पनवेल रायगड जिल्ह्यात. मूल जिथे राहतं त्या जिल्ह्याचं न्यायालय धरायचं. खर्चाला घाबरू नका. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून स्त्रिया आणि मुलांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. त्याचबरोबर महिला व बालविकास कार्यालयात बाल संगोपन योजनेची चौकशी करा. नातेवाइकांकडे वाढणाऱ्या निराधार मुलांनाही तिथून दरमहा मदत मिळते.

आदेश हातात आला की आजी किंवा आजोबा प्रपोजर होऊन मुलाचा विमा घेऊ शकतात का, हे कंपनीला आदेशाची प्रत जोडून विचारा. नकार आला तर दुसऱ्या कंपनीकडे जा. नियम कंपनीगणिक बदलतात, एका नकाराने खचून जाऊ नका.

मुलगा-सून परदेशी आणि नातवंड इथे वाढतंय, असं असेल तर दोघांपैकी एकाने इथे प्रपोजर होऊन मुलाची पॉलिसी घेणं सोयीचं. नातवंडं नुसती सुट्टीला येणार असतील तर निघण्यापूर्वी तिकडूनच प्रवास विमा काढून घ्यायला सांगा.

सहावी पायरी: प्रस्ताव अर्ज स्वतः भरा

अर्ज एजंटच्या मोबाईलवर भरला जातो आणि आपण ओटीपी सांगून मोकळे होतो. मुलाच्या बाबतीत हे अजिबात करू नका. वेळेआधी जन्म झाला का, एनआयसीयूत (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात) होतं का, हृदयाला छिद्र सांगितलं होतं का, झटके, दमा, पंप लागतो का, हे सगळं लिहायचं. लिहिलेल्या आजारासाठी फार तर तीन वर्षं थांबावं लागतं, त्यापेक्षा जास्त वेटिंग कंपनीला ठेवता येत नाही. लपवलेला आजार क्लेमच्या वेळी पॉलिसीच रद्द करायला कारण देतो. सलग पाच वर्षं पॉलिसी चालू राहिल्यावर, फसवणूक सिद्ध झाल्याशिवाय, माहिती दडवल्याच्या कारणाने क्लेम नाकारता येत नाही. पण त्या भरवशावर लपवालपवी करू नये.

वेटिंगचं गणित मुलांच्या आजारांना लावून पाहा. पहिले ३० दिवस अपघात सोडून काही नाही. डेंग्यू, न्यूमोनिया, गॅस्ट्रो त्यानंतर चालतात. पण टॉन्सिल, ॲडेनॉइड, हर्निया या लहान मुलांत नेहमी लागणाऱ्या शस्त्रक्रिया बहुतेक पॉलिसींत दोन वर्षांच्या यादीत असतात. डॉक्टरांनी ॲडेनॉइड काढायला सांगितल्यावर पॉलिसी घ्यायला धावलात तर तिचा त्या कामाला उपयोग नाही. लसी आणि ओपीडी बहुतेक पॉलिसींत नसतात. लसीकरणाच्या राष्ट्रीय यादीतल्या लसी महापालिकेच्या आरोग्य केंद्रात मोफत मिळतात.

पॉलिसी हातात आली की मुलाचं नाव, जन्मतारीख आणि नातं अक्षर न् अक्षर तपासा. पटली नाही तर ३० दिवसांत परत करता येते. खोलीभाड्याची मर्यादाही त्याच बैठकीत बघा. मर्यादेपेक्षा महागडी खोली घेतली तर खोलीच्या फरकाबरोबर डॉक्टरांची फी वगैरे बिलातले इतर भागही त्या प्रमाणात कापले जातात.

सातवी पायरी: दाखल करायची वेळ आली तर

दुपारी तीन वाजता मूल तापाने फणफणतंय, आई अंधेरीला, बाबा पुण्याला, घरी फक्त आजी. खरी कसोटी ही. त्यासाठी आजीच्या हाताला लागेल अशी एक फाइल करून ठेवा. तिच्यात विम्याचं ई-कार्ड, मुलाचं आधार, जन्मदाखल्याची प्रत, रेशनकार्डाची प्रत, मुलाच्या ॲलर्जी आणि चालू औषधांची चिठ्ठी, आणि "आमच्या गैरहजेरीत आजी-आजोबांनी मुलाला दाखल करावं, तातडीच्या उपचारांना संमती द्यावी" असं आई-वडिलांच्या सहीचं पत्र असावं. जवळची दोन कॅशलेस रुग्णालयं, म्हणजे जिथलं बिल कंपनी थेट भरते अशी, आधीच ठरवून त्यांची नावं फाइलच्या वरच लिहा.

रुग्णालयात पोहोचल्यावर टीपीए डेस्कला, म्हणजे विम्याच्या क्लेमचं काम बघणाऱ्या काउंटरवर, कार्ड द्या. तातडीच्या वेळी कंपनीला २४ तासांत कळवायचं, ठरवून करायच्या शस्त्रक्रियेसाठी ४८ तास आधी. विमा नियामक आयआरडीएआयच्या २०२४ च्या नियमांनुसार कॅशलेसच्या विनंतीवर कंपनीने एका तासात निर्णय द्यायचा असतो, आणि डिस्चार्जच्या वेळची अंतिम मंजुरी तीन तासांत. उशीर कंपनीमुळे झाला आणि रुग्णालयाने त्याचे जादा पैसे लावले, तर ते कंपनीने सोसायचे. हे काउंटरवर शांतपणे सांगा, त्याचा उपयोग होतो.

क्लेम नाकारला तर कारण लेखी मागा आणि पॉलिसीचं कोणतं कलम लावलंय ते विचारा. मग कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला ई-मेल करा. जोडीला आयआरडीएआयच्या बीमा भरोसा पोर्टलवर किंवा १५५२५५ वर तक्रार नोंदवा. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विम्याच्या तक्रारींवर निर्णय देणारे विमा लोकपाल. ठाणे, नवी मुंबई, रायगड, पालघर या भागासाठी लोकपालांचं कार्यालय आता ठाण्यातच, ठाणे पश्चिमेला जीवन चिंतामणी इमारतीत आहे. कंपनीच्या अंतिम उत्तरापासून एका वर्षाच्या आत जायचं. फी नाही, वकील लागत नाही, आणि ५० लाखांपर्यंतच्या भरपाईचा आदेश ते देऊ शकतात. तक्रार पॉलिसीधारकाच्या नावाने करायची असते, त्यामुळे पॉलिसी बाळाच्या बाबांच्या नावावर असेल तर सही त्यांची हवी. आजोबा सोबत कागद घेऊन बसू शकतात.